फक्कीने आखलेली घरं

लोक कुठे बसतात, कुठे घुटमळतात आणि वाट सोडून कुठून आडवे जातात, हे बघत राहायची मला लहानपणापासून खोड आहे. लग्नाच्या मांडवात जेवणापेक्षा माझं लक्ष खांबांकडे असायचं, कारण म्हातारी माणसं बरोबर खांब हेरून पाठ टेकायची. एसटी स्टँडवर बाकं रिकामी असली तरी खेड्यातल्या बायका जमिनीवर का बसतात, याचा एकदा मी इतका विचार केला की आमची गाडी निघून गेली. आई म्हणायची, "ही पोरगी भोचक आहे." त्या भोचकपणावर मी पुढे पोट भरलं, हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

साताऱ्यात आमच्या पेठेत एक हौद होता. घरात नळ आल्यावरही आई रोज एक कळशी घेऊन हौदावर जायचीच. तिथलं पाणी गोड असतं म्हणायची. पाणी एकच होतं, नळाचं आणि हौदाचं. गोड असायच्या त्या गप्पा. कुणाच्या मुलीला बघायला आले, कुणाची सासू रुसली, कुणाकडे पाहुणे टिकून बसलेत, सगळं तिथे कळायचं. पाणी एका जागी असलं की माणसं एका जागी येतात, अशी माझी तेव्हापासून पक्की समजूत झाली होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. नोकरी लागली ती सांगलीत, एका इंजिनिअरांकडे. ऑफिस म्हणजे हळदीच्या वखारीवरची एक लांबट खोली. खाली पोतं फुटलं की वर आमच्या ट्रेसिंग पेपरवर पिवळी धूळ बसायची. कित्येक घरांचे नकाशे मंजुरीला गेले ते हळद लागूनच. साहेब म्हणायचे, "असू दे, शुभ असतं."

दुष्काळाचं साल सरून थोडीच वर्षं झाली होती. एक दिवस एक निवृत्त सुभेदार जिना चढून वर आले. मिशी पांढरी, पाठ ताठ, बोलणं कोरेगावकडचं. त्यांनी आणि आणखी काही जणांनी मिळून घरबांधणीची सोसायटी काढली होती आणि मिरज रस्त्याच्या आत एक रान घेतलं होतं. सभासदांत शिक्षक होते, बँकेतले कारकून, मिरजेच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर, दोन-तीन फौजी.

"आमाला कॉलनी आखून पायजे," सुभेदार म्हणाले. "पर एक सांगतो सायेब, बराकी नकोत. बराकीत आमचा जनम गेला."

साहेबांना असं कुणी काही म्हटलं की चेव यायचा. एरवी लोक मापात बसवून द्या, एवढंच म्हणायचे. सरकारी नियमाने प्रत्येक कॉलनीत थोडी मोकळी जागा सोडावी लागे आणि सगळे जण ती सोडायचे ओढ्याकडेच्या वाकड्या कोपऱ्यात, जिथे घर बसत नाही तिथे. साहेबांनी ती उचलून बरोबर मधे आणली. घरं तिच्या भोवती, तोंडं आत, गाड्यांचा रस्ता बाहेरून. दोन घरांच्या मधे भिंती नकोत, मेंदीचं कुंपण पुरे. मधे झाडं, आणि झाडांच्या वरच्या अंगाला रानातली जुनी विहीर. ती विहीर दुष्काळातही आटली नव्हती. तिला बांधीव कट्टा करायचा, चारी बाजूंनी बसायला धोंडे मांडायचे, आणि सगळ्या कॉलनीने पाणी तिथूनच भरायचं. नगरपालिकेचा नळ तिथवर पोचायला अजून अवकाश होता.

"सगळी कॉलनी एका पाण्यावर येईल," साहेब म्हणाले आणि पेन्सिलने विहिरीभोवती एक गोल काढला. मला आमचा हौद आठवला. मी तो गोल शाईने गिरवला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नकाशा बघायला सभासद एकेक करून येऊ लागले. कुणी देवघराची दिशा विचारी, कुणी स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना ते बोटाने मोजी. कंपाउंडरांनी विचारलं, शेजाऱ्यांच्या खोकल्याचा आवाज येईल का. या सगळ्या प्रश्नांची मला भलती मजा वाटायची आणि मी उत्तरापेक्षा उलट प्रश्नच जास्त विचारायची.

एक बाई मात्र निराळ्या होत्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, नवरा पोस्टात होता. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या परकर घालण्याच्या वयाच्या होत्या. सोसायटी निघाली तेव्हा पहिल्या दिवशी ज्यांनी नाव दिलं त्यांत त्या होत्या. सांगली-मिरजेत त्या दोघांनी खोल्या शोधून शोधून चपला झिजवल्या होत्या. खोली रिकामी असायची. आडनाव विचारलं की ती कालच दिलेली असायची. हे त्यांनी मला एखाद्या मुलाची प्रगती सांगावी तितक्या शांतपणे सांगितलं.

त्यांनी नकाशा पाहिला, देवघर विचारलं नाही, दिशा विचारली नाही. स्वयंपाकघरावर बोट ठेवून म्हणाल्या, "नळ कुठे येणार?"

"नळ नाही बाई. विहीर आहे ना, इथे, तुमच्या अगदी दारासमोर." चिठ्ठ्या टाकून घरं वाटली होती आणि त्यांचं घर विहिरीसमोर आलं होतं. मला वाटलं, त्या खूश होतील.

"दिसली," बाई म्हणाल्या. त्यांनी नकाशावरचं बोट उचलून घेतलं. मला वाटलं, बाईंना नकाशा नीट कळला नसावा.

सुभेदारांनाही हीच शंका होती, फक्त सगळ्यांच्याच बाबतीत. "कागदावर काय कळतंय?" ते म्हणाले. "आमी फौजेत छावणी टाकायच्या आधी जिमिनीवर फक्की मारून बगायचो. तंबू हितं, सैपाक तितं. चुकलं तर पायानं पुसायचं, हाय काय आन न्हाय काय."

साहेबांनी नाक मुरडलं. पण मला ती कल्पना इतकी आवडली की मी रात्रीचं जेवण विसरले असेन. अख्खी कॉलनी खऱ्या मापात जमिनीवर! सभासदांनी कुटुंबासकट यायचं आणि एक दिवस आपापल्या घरात राहून बघायचं. कबड्डीचं मैदान आखतात त्या चुन्याच्या फक्कीची पोती आली. शाळू काढून झाला होता, होळी अजून यायची होती. आम्ही शनिवारभर दोऱ्या ताणत होतो. काळ्या रानात पांढऱ्या रेघा उठल्या. प्रत्येक दाराच्या जागी रेघ तोडून फट ठेवली होती.

रविवारी सकाळी माणसं आली ती भाकऱ्यांची फडकी, घागरी, सतरंज्या, एक जण तर चक्क खुर्ची घेऊन. शाळवाची धसकटं पायाला टोचत होती, तरी लोकांच्या चेहऱ्यावर उत्साह मावत नव्हता. आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते मला कुठल्याच कोर्सात शिकवलं नव्हतं. रेघेवरून कुणी पाय टाकेना. चार बोटं रुंद चुन्याची रेघ, वाऱ्याने उडणारी, पण सगळे वळसा घालून दारातून जात होते. बँकेतले एक कारकून गप्पांच्या नादात शेजारच्या घरातून सरळ निघाले, तर आतली बाई कडाडली, "अहो, चपला! स्वयंपाकघर आहे!" आणि त्या गृहस्थांनी खरोखर चपला हातात घेतल्या. कंपाउंडर आपल्या झोपायच्या खोलीत तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले, उन्हात. बायको म्हणाली, "खिडकी लावून घ्या की." मी हसून हसून बेजार.

मी सगळीकडे हिंडत होते. एकीने सांगितलं, ओट्यापाशी उभं राहिल्यावर मुलं दिसली पाहिजेत. मी पायाने रेघ पुसली आणि खिडकी सरकवली. सुभेदारांच्या पत्नीला सगळे काकी म्हणायचे. धिप्पाड बाई, माहेर-सासर दोन्हीकडे ऊस, आवाज बांधावरून हाक मारायचा. मधल्या मोकळ्या जागेत कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आगं पोरी, समदीकडं झाडं लावतीस, मग आमी सांडगं-पापड वाळवायचं कुटं? सावलीत?"

हे आम्हा कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथल्या तिथे झाडांची ओळ मागे घेतली आणि विहिरीच्या अलीकडे उन्हाची एक चौकट मोकळी सोडली. काकी म्हणाल्या, "आता कसं!"

बाईही आल्या होत्या, नवरा आणि लहान मुलीसकट. त्यांच्या मुलीने घरात शिरताशिरता दाराशी थांबून विचारलं, "हे आपलंच?" बाई म्हणाल्या, "आपलंच." मग त्या दोघी एकेका खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात बाईंनी कोपऱ्यात तांब्या ठेवला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं, आणि तो तांब्या त्या लांबून बघत राहिल्या. मला त्या दिवसातलं ते सगळ्यात आवडलेलं दृश्य होतं. नुसता एक तांब्या ठेवला आणि त्या रेघांचं घर झालं.

दुपारी ऊन चढलं. जेवणं झाली, ठेच्याने तोंडं भाजली आणि घागरी रिकाम्या झाल्या. काकींनी पदर खोचला, पोहरा विहिरीत सोडला आणि पाणी शेंदायला लागल्या. गर्दी जमली. कुणी तांब्या पुढे करी, काकी भरून देत. कुणी नुसतेच आलेले, ते ओंजळ धरत आणि काकी वरून धार सोडत. सुभेदार ओंजळीनेच प्याले, कारकुनांपैकी दोघे-तिघे प्याले, मीही प्याले. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "बघ. न बांधताच कट्टा सुरू झाला."

बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. तांब्या तिकडे घरात, मुलीपाशी राहिला होता. काकी घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाल्या, "धरा वंजळ."

बाईंनी ओंजळ धरली. काकींनी धार सोडली. बाईंचे हात भरले आणि मग त्यांनी ते सावकाश उघडले. सगळं पाणी धसकटांत पडलं. त्यांनी पदराला हात पुसले, वळल्या आणि आपल्या घराकडे गेल्या. काकींना वाटलं असावं, हात निसटला. त्यांनी पोहरा पुन्हा सोडला. मी मात्र बघत राहिले. बाईंनी तांब्या उचलला, मुलीचा हात धरला आणि निघाल्या. इतक्या रागातही त्या रेघ ओलांडून गेल्या नाहीत. दारातून बाहेर पडल्या.

दोन दिवसांनी त्यांच्या यजमानांनी सुभेदारांना सांगितलं, आमचं नाव कमी करा. कारण विचारल्यावर ते फक्त म्हणाले, "तिला विचारा." सुभेदारांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी हात झटकले. बाईंना विचारायला मी गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. मला राहवलंच नाही.

गावभागात गल्लीच्या टोकाला त्यांची भाड्याची खोली होती. मोरी बाहेर, नळ खाली चौकात, सगळ्या भाडेकरूंमधे एक. बाईंनी मला बसायला पाट दिला आणि पेल्यातून पाणी दिलं. मी प्यायले आणि सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, "बाई, काकींनी सगळ्यांनाच तसं पाणी दिलं. मीसुद्धा ओंजळीनेच प्याले. त्यांच्या मनात काही नसेल."

"नसेल," बाई म्हणाल्या. "असेलही. तासगावच्या अलीकडे माझं गाव आहे. आमच्याकडे विहिरीवर चढायचं नव्हतं. खाली उभं राहायचं, कुणी येईल तोवर. मग वरून धार आणि खाली ओंजळ. आई सांगायची, हात वर करू नको, भांड्याला लागेल. तुम्ही ओंजळ धरता तेव्हा तुम्हाला तहान लागलेली असते. मी धरते तेव्हा मला आधी समोरच्याचं तोंड बघावं लागतं."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"त्यांच्या मनात काय होतं ते मला रोज सकाळी कळशी घेऊन शोधत बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला घरात नळ द्या. मग कोण चांगलं, कोण वाईट, ते मी सवडीने बघेन. तुमची विहीर फार सुंदर आहे हो. पण सगळ्यांना एकत्र आणायची घाई तुमच्या साहेबांना आहे. मला आधी दार लावून एक पेला पाणी प्यायचंय."

परत येताना मी गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेले आणि तिथून उगीचच घाटावर. माझा हौद डोक्यातून जाईना. मी तो इतक्या वेळा आठवला होता, पण तिथे कोण कोण येत होतं हेच आठवत होतं. कोण येत नव्हतं, आणि ती माणसं पाणी कुठून भरत होती, हे भोचक म्हणून नावाजलेल्या मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. नवल वाटलं स्वतःचं. नदीवर बायका धुणं आपटत होत्या आणि सगळ्यांच्या फेसाचं पाणी एकाच धारेला लागून खाली वाहत होतं. ते कुणाचं हे कुणी विचारत नव्हतं. मी ते बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, विहिरीवर पंप बसवू, वर टाकी बांधू, घरोघर नळ देऊ.

साहेब खवळले. "मग मधे काय राहिलं? झाडं? ती काय पाण्यावाचून जगणार? आणि माणसं कशाला यायची तिथे? सगळे आपापल्या घरात कोंडून घेतील!"

"येणारं पाणी ज्याचं त्याला देऊ," मी म्हटलं. "जाणारं पाणी एकत्र करू."

मी कागद पुढे ओढला. रान रस्त्याकडून ओढ्याकडे उतरतं होतं. विहीर वरच्या अंगाला, मोकळी जागा तिच्या खाली. प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी विहिरीला वळसा घालून खालच्या अंगाला न्यायचं, वाटेत वाळू-विटांच्या खड्ड्यांतून गाळून घ्यायचं आणि तिथून पाटाने झाडांना सोडायचं, उसाला सोडतात तसं. आंघोळीचं, भांड्यांचं, सगळ्या घरांचं. केळी, नारळ, कढीलिंब, पेरू. पाट मोकळा ठेवायचा तर सगळ्यांनीच त्यात हात घालायला हवा, एकाने तुंबवला की सगळ्यांची मोरी तुंबणार. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ पेन्सिल चावली. मग म्हणाले, "विहिरीपासून आणखी लांब घे," म्हणजे पटलं होतं.

पण पटायचं होतं ते सभासदांना. बैठक शाळेच्या वर्गात झाली, सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. बाईंना मी गळ घालून आणलं होतं. नुसतं ऐकायला या, म्हटलं. त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर, कधीही उठता येईल अशा. त्यांना घर मिळणार की पुन्हा आडनाव विचारणाऱ्या मालकांच्या दारात उभं राहावं लागणार, हे त्या वर्गात ठरणार होतं, आणि हे मला सोडून फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

नळाला कुणाचीच ना नव्हती. सगळ्या बायका एकदम हो म्हणाल्या. मी थक्क झाले. कट्ट्यावरच्या गप्पांचं कौतुक आम्हालाच होतं, कळशा ज्यांनी वाहायच्या त्यांना नव्हतं. अडलं ते पाटावर.

एक कारकून उठले. "नळ ठीक आहे. पण मोरीचं पाणी सगळ्यांचं एकत्र? म्हणजे कुणाच्या घरचं पाणी कुणाच्या झाडाला... आमच्याकडे देवाला रोज फुलं लागतात, केळीचं पान लागतं. काही सोवळंओवळं आहे की नाही?" कुणाच्या घरचं, हे म्हणताना त्यांनी कुठेही पाहिलं नाही. ते इतकं जपून पाहिलं नाही की सगळ्यांना कळलं. बाईंचा हात पिशवीच्या बंदावर गेला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून काकी उठल्या. बाक त्यांच्याबरोबर थोडा उठला.

"आवं दादा," काकी म्हणाल्या, "उसाला आमी शेण घालतो, मूत घालतो, मेंढरं बसवतो रानात. त्या उसाचा गूळ तुमच्या देवाला चालतोय न्हवं? लय ग्वाड लागतोय त्येला. मग आमच्या आंगुळीच्या पाण्यानं काय त्येचं घोडं मारलंय?"

वर्ग हसून हसून फुटला. सुभेदार म्हणाले, "मंजूर?" आणि हात वर झाले. कारकुनांचाही झाला, जरा उशिरा. मी बाईंकडे पाहिलं. त्या हसल्या नव्हत्या, पण काकींकडे टक लावून बघत होत्या, पहिल्यांदाच सवडीने. मग त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून खाली, पायाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पोस्टातले यजमान सुभेदारांना सांगून गेले, नाव राहू द्या.

बाहेर पडताना मी काकींना गाठलं आणि विहिरीवरचं विचारलं. बाईंना तसं पाणी का दिलंत? काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. "रानात समद्यास्नी तसंच पाजतो की. का गं?" मी म्हटलं, काही नाही. त्या दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि मागे न बघता पुन्हा चालायला लागल्या.

घरं उभी राहिली. नळ आले. पहिल्या वर्षी पाट तुंबला तेव्हा भांडणंही झाली, आणि भांडता भांडता सगळे कमरेत वाकून गाळ काढू लागले, हे मी स्वतः पाहिलं. मी दर थोड्या दिवसांनी काही ना काही निमित्त काढून तिथे जायचीच. झाडं बघायला येते म्हणायची, बघायची माणसं. मुलं आखलेल्या वाटा सोडून कुठून पळतात, म्हाताऱ्यांनी कुठला धोंडा धरलाय, सगळं. बाई संध्याकाळी दार उघडं टाकून ओट्याशी उभ्या असायच्या आणि नळ उगीचच सोडून हात धुवायच्या. बाई आणि काकी एकमेकींशी बोलायच्या, पाटाचं, मुलांचं, पेरूचं. एकमेकींच्या घरात मात्र गेलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

मग एका उन्हाळ्यात पंप जळला. टाकी कोरडी, मेकॅनिक मिरजेला गेलेला. मी त्या दुपारी तिथेच होते. उन्हाच्या चौकटीत काकींचे सांडगे वाळत होते आणि त्या केव्हाच्या राखण करत बसल्या होत्या, तोंड लालबुंद. बायका दोऱ्या घेऊन विहिरीवर आल्या. बाईही आल्या. त्यांनी स्वतः पोहरा सोडला, स्वतः ओढला, आपली कळशी भरली. दुसरा पोहरा वर आला तेव्हा काकी उठून आल्या.

"बाई, वाईच पाणी वता हो. जीव चाललाय," त्या म्हणाल्या आणि वाकून त्यांनी बाईंसमोर ओंजळ धरली.

बाईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग पोहरा काठावर ठेवला, म्हणाल्या, "थांबा," आणि आपल्या घरात गेल्या. काकी तशाच उभ्या, रिकामी ओंजळ धरून, उन्हात. बाकीच्या बायका दोऱ्या हातात धरून बघत होत्या.

बाई पेला घेऊन आल्या. स्टीलचा, घासून लख्ख केलेला. त्यांनी तो पोहऱ्यातल्या पाण्याने भरला आणि काकींच्या ओंजळीत ठेवला.

काकींनी पेला धरला. एक क्षण त्यात बघितलं. आमच्याकडे पुष्कळ माणसं दुसऱ्याचा पेला ओठांना न लावता वरून पितात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी बघत होते, आणि बाईही बघत होत्या. काकींनी पेला ओठांना लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत खाली घेतला नाही.

"त्या दिशी, फक्की मारल्याली तवा," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "माज्या हाताशी बी एक पेला पायजे हुता, बाई."

बाईंनी काकींच्या हातातून पेला घेतला.

"अजून देऊ?" त्यांनी विचारलं.

"द्या की," काकी म्हणाल्या.